पांढरी पाच

एर्मेलिंद टीचरच्या पियानोत
पंचवीस वॅटचा दिवा जळतो,
रात्रंदिवस, तारांच्या पोटाशी.
दमटपणाला तेवढाच धाक, ती म्हणते.
वाळवीला नाही.

मी म्हार्दोळहून येतो, शनिवारचा,
जुन्या गोव्याला उतरून फेरीबोटीने दिवाडीला.
हात पेटीचे. डावा अजून भाता शोधतो,
सापडला नाही की मांडीवर पडून राहतो
परक्या घरी आल्यासारखा.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, तुझा सा कुठला?
काळी एक, मी म्हणालो.
तो बाहेर ठेव, चपलांजवळ.

मग नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या तिने.
हा भूप, मी म्हटलं.
तिने वरचे सूर तसेच ठेवून
खालचा तेवढा बदलला,
दुर्गा झाला.
तिला यांतलं एकही नाव ठाऊक नव्हतं.
समोरचे कागद फ्रेंच, शंभर वर्षांचे,
कडा झुरळांनी वाचून संपवलेल्या.

हाताचा आकार मोडायचा नाही, ती शिकवते.
सगळी बोटं एकदम उचल, शेजारी ठेव,
पुन्हा शेजारी,
भरलेली परात सरकवतात तशी.
एरवी यांच्या संगीतात
सातवा सूर घराकडे ओढ घेतो
तिन्हीसांजेच्या गुरासारखा.
इथे गुरं बांधावर उभी.
कुणी हाकत नाही.

खाजनाच्या बांधाला लाकडी दार असतं,
मानस म्हणतात आमच्याकडे.
भरतीला ते उघडं राहिलं
तर खारं कुठलं, गोडं कुठलं
शेताला सांगता येत नाही.
टीचरचा पाय पेडलवर गेला की तसंच.
मागचा सूर जायच्या आत पुढचा येतो,
त्याच्या अंगावर तिसरा.
चूक आहे, माझे कान म्हणतात.
मासे येतात, ती म्हणते.

आणि ते एक सप्तक, ज्यात सातही नाहीत:
तीन पांढऱ्या, तीन काळ्या,
प्रत्येक पायरी सारखीच उंच.
सा, रे, ग, तीव्र मध्यम,
मग कोमल धैवत, कोमल निषाद.
पंचम नाही. शुद्ध मध्यमसुद्धा नाही.
मग तंबोऱ्याची पहिली तार कशाला लावायची?
न लावता बस, ती म्हणाली.
मी बसलो. खिडकीतून
नदी कुठल्या बाजूला वाहते ते कळेना.

एकदा ती चहा आणायला आत गेली.
मी हळूच पांढरी पाच दाबली.
नुसतं लाकूड वाजलं.
हातोडीची दांडी वाळवीने खाल्लेली.
कप ठेवत ती म्हणाली, तीन वर्षं झाली.
मडगावचा इनासियो पाहून गेला,
सुटा भाग मिळाला की येतो म्हणाला.
तेव्हापासून पाच नसलेलंच वाजवते.
त्याआधी?
वॉल्त्झ. लग्नांतले.

असं सप्तक आणखी एकच निघतं,
तुझ्या त्या काळी एकवरून, ती म्हणाली,
आणि दोन मिळून बाराही पट्ट्या संपतात.
ते वाजवू या?
त्या काठावर पांढरी पाच आहे, बाबा.
तिकडे आपली फेरी लागत नाही.

गेल्या सोमवारी देवळात भजन होतं.
शाबलो बुवा अभंग वर नेत नेत
पंचमावर टेकायला आले,
आणि मी पेटीवर पंचम दिला नाही.
फोंडूने तबल्यावरून मान वळवली.
बुवांचा आवाज धक्का न दिसलेल्या बोटीसारखा
थोडा वेळ पाण्यावरच राहिला,
मग आपल्या जोरावर लागला.

खिरापत हातावर ठेवताना म्हणाले,
पट्टी बिघडली का रे तुझी?
हो म्हणालो.

रात्री सगळे गेल्यावर भाता उघडून पाहिलं.
काळी चार.
वाजत होती.